मामाने धरून ठेवलेला खटका

विश्वास ठेवा असं मी कुणालाच म्हणणार नाही. पण हे माझ्या सख्ख्या मामाच्या बाबतीत घडलंय, आणि मामा थापा मारणाऱ्यातला नाही.

रात्र नव्हती. वादळ नव्हतं. साधा बुधवार होता, दुपारचे चार वाजून गेले होते आणि लख्ख ऊन पडलं होतं.

मामा तीस वर्षं डिझेल गाड्या दुरुस्त करतोय. इंजिन उगाच बंद पडत नाही, ज्याला कारण सापडत नाही तो मिस्त्री कच्चा, असं त्याचं ठाम मत.

त्याच्याकडे एक बेकरीवाली बाई आली. नवऱ्याचा पाय अधू झाल्यापासून ब्रेड पोचवायला ती स्वतःच व्हॅन चालवायची. व्हॅन जुनी, तिसऱ्या हातची. पूर्वी तिच्यातून कामगारांची ने-आण व्हायची. बाकं काढून टाकलेली, पण त्यांच्या बोल्टांची भोकं पत्र्यात तशीच होती.

तिचं म्हणणं असं, की रोज माल पोचवून रिकामी परतताना व्हॅन एकाच जागी बंद पडते. जुन्या बसथांब्याच्या शेडपाशी. आता तिथे बसही येत नाही. धक्का नाही, धूर नाही... चावी फिरवल्यासारखं इंजिन गप्प होतं. मिनिटभराने चावी दिली की पहिल्या झटक्यात सुरू.

दोन मिस्त्री हसून मोकळे झाले होते. पण आदल्या आठवड्यात मागून येणारा ट्रक हातभर अंतरावर येऊन थांबला, तेव्हा बाई मामाकडे आली.

मामा कामाला लागला. डिझेल नीट येत होतं. नळीत हवा शिरत नव्हती. सगळ्या वायरी घट्ट.

राहिला पंपावरचा खटका. जुन्या डिझेल गाडीत ड्रायव्हरने मूठ ओढली की तारेने हा खटका खाली जातो, डिझेल तुटतं आणि इंजिन बंद होतं. तार आखडत असणार, मामाला वाटलं. त्याने तारच काढून टाकली.

आता खटका हलवायचा तर कुणीतरी हात घालायला हवा.

बुधवारी तो बाईसोबत फेरीला गेला. शेवटच्या दुकानात माल उतरला, व्हॅन रिकामी झाली. निघण्यापूर्वी मामाने सवयीने मागची चाकं बघितली. डावी बाजू बोटभर खाली बसली होती.

स्प्रिंगचा पाटा मोडला असेल म्हणून तो वाकला.

पाटा चांगला होता...

इंजिन पुढच्या दोन सीटांच्या मधे होतं. मामाने वरचं झाकण उघडं ठेवलं आणि टॉर्च खटक्यावर धरला. बाई गाडी चालवत होती. 

शेड दिसली. चार वीस झाले होते.

खटका हलला.

थरथरला नाही. सावकाश खाली जाऊ लागला... कुणी अंगठ्याने दाबावा तसा.

मामाने बोट घालून तो वर रोखला. मामा सांगतो, वरून जोर येत होता. झटके नव्हते. एकसारखा, सबुरीचा जोर. इंजिन चालू राहिलं.

शेड मागे पडली.

तेवढ्यात डाव्या पत्र्यावर थाप पडली.

मग दुसरी... गाडी चाळीसच्या वेगात होती, आणि थाप गाडीसोबत चालली होती.

तिसरी थाप आतून पडली. मागच्या रिकाम्या भागातून.

बाईने मागे पाहिलं नाही. अगदी हळू म्हणाली, "मिस्त्री, सोडा तो खटका. रोज इथे कुणीतरी उतरतं."

मामाला ते ऐकू आलं होतं, हे तो कबूल करतो. पण तीस वर्षांचा मिस्त्री एका खटक्यापुढे हरायला तयार नव्हता. त्याने बोट काढलं नाही.

थापा थांबल्या. जोरही गेला.

गॅरेजपाशी येईपर्यंत इंजिन छान चाललं. बाईने व्हॅन उभी केली...

मागे पाट्यांची करकर झाली. डावी बाजू बोटभर वर आली.

व्हॅनचं सरकतं दार हळूच उघडलं. बाहेर कुणी नव्हतं. आत, गॅरेजमध्ये, छताला टांगलेली इंजिन उचलायची साखळी मात्र डुलायला लागली होती. वारा नव्हता.

व्हॅन त्यानंतर कधी बंद पडली नाही. बाई सगळ्यांना मामाचं नाव सांगते.

मामाच्या गॅरेजमध्ये मात्र रोज चार वीसला जे इंजिन चालू असेल, ते बंद पडतं. कुठल्याही गाडीचं. गिऱ्हाईकं वैतागतात.

गेल्या महिन्यात मी गेलो, तेव्हा हे सगळं त्याने मला सांगितलं. हात पुसत होता, माझ्याकडे बघत नव्हता.

"मला वाटलं, मी गाडी चालू ठेवतोय," तो म्हणाला. "त्याला घरी जायचं होतं रे. मी जाऊ दिलं नाही."

मी म्हटलं, मग परत नेऊन सोड ना त्याला शेडपाशी.

"नेलं. तीनदा नेलं, माझ्याच गाडीतून. दार उघडून धरलं. उतरा म्हटलं..."

"मग?"

"गाडीची मागची बाजू वर आलीच नाही."

पावणेपाचला मी निघालो. मामा म्हणाला, चल, घरी सोडतो. मी म्हटलं, चालत जाईन.

त्याची गाडी दारातच उभी होती. तिच्या बाजूने जाताना मागच्या चाकाकडे बघायचं नाही, एवढं मी ठरवलं होतं.

बघितलं नाही. पण चार पावलं पुढे गेल्यावर मागून पत्र्यावर थाप पडल्याचा आवाज आला.

मामा असेल, असं मी अजूनही स्वतःला सांगतो.