या की, घर आपलंच हाय

जिच्यावर हे बेतलं ती माझी नात्यातली चुलती, शिवकांता. अजून हयात आहे. तिला खोटं बोलताना मी कधी पाहिलेलं नाही. फक्त एवढ्या एका बाबतीत ती खोटं बोलली असती तर बरं झालं असतं, असं मला फार वाटतं.

गावाचं नाव सांगत नाही. लातूर आणि नांदेडच्या शिवेवर, मुखेडकडे जाणाऱ्या रस्त्याला ते लागतं, एवढं पुरे.

आणि ती रात्र नव्हती. अमावस्याही नव्हती.

भर दुपार होती.

लातूर जिल्हा तेव्हा नवा नवा झालेला. म्हातारी माणसं अजून "कामाला उस्मानाबादला चाललाव" म्हणायची आणि गाडी लातूरची धरायची. वर पावसाने दावा मांडलेला. विहिरींच्या तळाला खपल्या धरल्या होत्या. टँकर आला की बायका घागरीने एकमेकींची डोकी फोडायच्या.

अशा दिवसांत शिवकांताच्या नवऱ्याने, माणिकप्पाने, नांदेडहून टीव्ही आणला. गावातला पहिला. त्याचं किराणा दुकान होतं, मिरवायची हौसही होती. घराच्या सपाट माळवदावर बांबू उभा करून अँटेना बांधला, टीव्ही ओसरीवर मांडला, आणि अख्खं गाव अंगणात येऊन बसायला लागलं.

आठवड्यातून एकदा, दिवेलागणीला, एक मालिका लागायची. विलायती कादंबरीवरून केलेली, पण माणसं आपल्याकडची आणि बोलणं हिंदी. त्यात एक सरदार होता. काळी शेरवानी, पांढराफट्ट चेहरा. माणसांचं रक्त प्यायचा. पण त्याला एक अट होती. घरातल्या कुणी "या" म्हटल्याशिवाय त्याला उंबरा ओलांडता यायचा नाही. तो दारात उभा राहायचा, मान झुकवायचा आणि अदबीने विचारायचा...

"हुकूम हो तो अंदर आऊँ?"



बाया पदराचा बोळा तोंडात कोंबायच्या. लिंगायत म्हातारे गळ्यातलं लिंग मुठीत धरायचे. धुरपताबाईने एकदा पायातली वहाण काढून काचेवर भिरकावली. शेजारचा गुंडप्पा, अंगाने रेड्यासारखा, काठी आपटत उठायचा. "ये की भाड्या भायेर! बघतो तुला!" लोक हसायचे. पण घरी जाताना कुणी एकटं जायचं नाही.

कुणीतरी टीव्हीला लिंबू-मिरची बांधली. माणिकप्पाने ती राहू दिली.

शिवकांताची सासू पार्वतम्मा खाटेवर पडून हे ऐकायची. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तिला टीव्ही म्हणजे काय, ते कळलंच नव्हतं. घरात रोज पाहुणे येतात, बोलतात, जातात, एवढंच तिला समजायचं.

एका संध्याकाळी सरदाराने पडद्यावर मान झुकवली. विचारलं, "हुकूम हो तो अंदर आऊँ?"

आणि खाटेवरून पार्वतम्मा म्हणाली, "या की. घर आपलंच हाय."

सगळं अंगण खो खो हसलं. गुंडप्पा तर गडाबडा लोळला.

शिवकांता हसली नाही. ती टीव्हीच्या अगदी जवळ बसली होती. मालिकेत त्या सरदारासमोर एक पोरगी उभी होती. त्याने तिच्याकडे बघायला हवं होतं. पण...

त्याने मान वळवली. खाटेकडे.

मग पडद्यावर मुंग्या आल्या आणि लाईट गेली.

त्याच आठवड्यात घरामागे बांधलेली शेळी मेली. गळा फाटलेला. दुष्काळात जनावरं मरतात, त्याचं कुणाला नवल नव्हतं. पण खाली मातीत रक्ताचा ठिपका नव्हता.

आणि माश्या नव्हत्या. एकसुद्धा नाही.

कावळे भिंतीवर बसून होते. खाली उतरत नव्हते.

पाठोपाठ गुंडप्पाचा बैल गेला. बायकोचे सोन्याचे डाग मोडून त्याने तो चारा छावणीत जगवला होता, पोटच्या पोरासारखा. तोही तसाच. गळा फाटलेला, माती कोरडी. गुंडप्पा बैलाच्या मानेला मिठी मारून रडला. मग डोळे पुसून उठला.

"गावात रक्त पिणारा शिरलाय," तो म्हणाला. "त्यो टीव्हीत दावतात ना, तसा."

आता कुणी हसलं नाही.

गावात रक्त घेणारा एकच माणूस यायचा. साहेबराव. हिवतापाच्या खात्यात नोकरीला, मूळचा बिलोलीकडचा, बौद्ध घरचा. टंचाईमुळे लोक रांजणात पाणी साठवून ठेवायचे, त्यात डास व्हायचे, घरोघर ताप. साहेबराव बोटाला सुई टोचायचा आणि थेंबभर रक्त काचेच्या पट्टीवर घ्यायचा. दर वेळी उंबऱ्याबाहेर उभा राहून विचारायचा, "येऊ का, ताई?"

वरच्या आळीत त्याला कुणी "या" म्हणायचं नाही. का म्हणायचे नाहीत ते सगळ्यांना ठाऊक होतं, त्यालाही. माणसं उंबऱ्याच्या आतून हात बाहेर काढायची. तो बाहेरूनच सुई टोचायचा. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं.

पण गुंडप्पा पारावर म्हणाला, "आठवा की. त्यो बी दारात हुभा राहून इचारतो. आत येऊ का म्हून. काहून इचारतो?"

आणि लोकांना ते पटलं.

त्या दुपारी शिवकांता घरात सासूपाशी होती. पार्वतम्माला आठवडाभर ताप. अन्न सुटलेलं. वर्षभर ती आधाराशिवाय उठली नव्हती.

दारात आवाज आला. "येऊ का, ताई?"

शिवकांताने क्षणभर विचार केला. सासू दारापर्यंत येणं शक्य नव्हतं.

"आत या, भाऊ," ती म्हणाली.

साहेबराव गडबडला. चपला काढल्या, पाय झाडले आणि अंग चोरून आत आला. खाटेशी बसून त्याने पार्वतम्माचं बोट धरलं.

"लई गार पडल्यात की या," तो म्हणाला.

सुई टोचली. बोट दाबलं. पुन्हा टोचली. दुसरं बोट घेतलं. कपाळावर घाम आला त्याच्या.

"काय झालं, भाऊ?"

"ताई..." त्याने बोट सोडलं. "रक्तच येईना."

तेवढ्यात अंगणात माणसं घुसली.

पुढे गुंडप्पा, हातात कुऱ्हाड. मागे काठ्या, दगड, पहारी. ओळखीचेच सगळे. ज्यांच्या लग्नांत शिवकांताने शेवया वळल्या होत्या ते. त्यांनी साहेबरावला केसांना धरून बाहेर ओढलं. "सरकारी माणूस हाय मी! बाबांनो, हिवतापाचं काम करायलाव!" तो ओरडत होता. पहिली काठी तोंडावर बसली. दुसरी गुडघ्यावर. पिशवीतल्या काचा फुटल्या आणि त्याच काचांवर त्याला लोळवलं. कुणी छातीवर नाचलं. धुरपताबाईने ओंजळभर माती त्याच्या तोंडात कोंबली. हाड मोडल्याचा आवाज शिवकांताला स्वच्छ ऐकू आला, तुरीचं वाळलेलं तुरकाट मोडावं तसा.

माणिकप्पाही त्या गर्दीत होता. हातात काही नव्हतं त्याच्या. पण तो थांबवतही नव्हता.

शिवकांताने उखळातलं मुसळ उचललं आणि डोळे मिटून फिरवलं. कुणाच्या खांद्यावर बसलं, कुणाच्या कानशिलावर. गर्दी फाटली. तिने साहेबरावला बगलेत धरून फरफटत आत आणलं आणि दाराला अडसर घातला.

आत गुडूप अंधार. जुन्या माळवदाच्या घराला एकच झरोका असतो.

बाहेर दारावर कुऱ्हाड बसत होती. "शिवकांता, दार उघड," माणिकप्पा म्हणत होता. "त्याला दे आन् मोकळी हो."

"न्हाई उघडत!" ती ओरडली. "लाज वाटू द्या!"

तिने पाठ दाराला लावली होती. प्रत्येक घावाला तिची पाठ हादरत होती. आणि त्या घावांच्या मधल्या शांततेत तिला ऐकू आलं...

लप. लप. लप.

मांजर दूध पितं तसं.

साहेबराव जमिनीवर पडला होता. डोकं फुटलेलं. आणि त्याच्या डोक्याशी कुणीतरी ओणवं बसलं होतं.

खाट रिकामी होती.

"अव्वा?" शिवकांता म्हणाली.

आवाज थांबला.

मग सासूच्या तोंडून, पण सासूचा नव्हे असा एक आवाज आला. अदबीचा. पुरुषाचा.

"घर आपलंच हाय ना?"

दाराची फळी फुटली. अडसर उडाला. उन्हाचा झोत आत आला आणि गुंडप्पा कुऱ्हाड उगारून आत शिरला.

वर्षभर न उठलेली म्हातारी जमिनीवरून उडाली.

तिने त्याला छातीवर धडक दिली आणि उताणा पाडला, अर्धा उंबऱ्यात, अर्धा अंगणात. रेड्यासारखा गडी हातपाय झाडत होता. तिने त्याची हनुवटी मागे रेटली आणि गळ्यात तोंड खुपसलं. कापड टराटरा फाटावं तसा आवाज झाला. त्याच्या टाचा दगडावर आपटत राहिल्या. त्याने कुऱ्हाडीचा दांडा तिच्या पाठीत हाणला, पुन्हा हाणला. तिच्या बरगड्या पिचल्या. तिने मान वर केली नाही.

सगळं गाव बघत होतं. जागचं कुणी हललं नाही.

शिवकांता धावली. सासूला कमरेला धरून ओढायला लागली. "अव्वा, सोडा! अव्वा!" म्हातारीने तोंड फिरवलं आणि तिच्या मनगटाला कडाडून चावली. मग पुन्हा गुंडप्पाकडे वळली.

त्याच्या टाचा थांबल्या.

पार्वतम्मा त्याच्यावरून घरंगळली. खोळ पडावी तशी. तिच्यात जीव नव्हता.

गुंडप्पाखालचा दगड कोरडा होता. घरात साहेबराव पडला होता, तिथली जमीनही कोरडी. नुकतीच सारवल्यासारखी.

अंगणात एक माशी नव्हती.

पोलीस आले तेव्हा गावाने सांगितलं, पिसाळलेला लांडगा आला होता. आधी काही ठरलं नव्हतं, तरी सगळे तेच बोलले. साहेबरावला कुणी मारलं, हे कुणाला माहीत नव्हतं. तो जगला. एक डोळा गेला. नांदेडच्या इस्पितळात शिवकांता त्याला भाकरी घेऊन भेटायला गेली, तर त्याची बायको पंचशीला दारातच आडवी उभी राहिली. "ताई, तुमचे उपकार हाईत," ती म्हणाली, "पण तुमी आत येऊ नगा." शिवकांता भाकरी तिच्या हातात देऊन परत फिरली.

माणिकप्पाने टीव्ही कोरड्या विहिरीत टाकला. तो काठावर बराच वेळ उभा होता. फुटल्याचा आवाज आलाच नाही.

सासूला आंघोळ शिवकांतानेच घातली. लिंगायतांत मयताला बसवून पुरतात, त्याआधी न्हाऊ घालायचं. पाणी एक घागरच होतं. तिने तोंड पुसलं. ओठ स्वच्छ होते. विभूती लावताना हनुवटी खाली आली आणि तोंड उघडलं...

आत नुसत्या हिरड्या होत्या.

हे तिला ठाऊकच होतं. पार्वतम्माचे सगळे दात कधीच पडून गेले होते. त्या गडबडीत तिला आठवलं नव्हतं, इतकंच.

तिने स्वतःच्या मनगटाकडे पाहिलं.

शिवकांताकाकू आता नांदेडला असते. मागच्या उन्हाळ्यात मी गेलो होतो, तेव्हा तिने बांगड्या वर सारून मला ते मनगट दाखवलं. दातांची वरची ओळ, खालची ओळ. पूर्ण. जखम जुनी असायला हवी होती.

ती ओली होती.

"सुकत न्हाई बघ," ती म्हणाली. "आन् इतक्या वर्षांत हिच्यावर कवा माशी बसली न्हाई."

मग म्हणाली, "जेवून जा की रं."

मला गाडी गाठायची होती. निदान मी तसं सांगितलं. ती दारापर्यंत सोडायला आली. जिना उतरून मी वर पाहिलं, तर ती उंबऱ्यातच उभी होती आणि मागे, घराच्या आत, कुणाशी तरी बोलत होती.

काकू एकटी राहते.