दिशाची बॅटरी

घाटकोपरच्या भटवाडीत अक्षता लॅपटॉप दुरुस्त करायची आणि एका बाबतीत ती कुणाच्या बापाचं ऐकायची नाही. फुगलेली बॅटरी दुकानातून परत जाणार नाही म्हणजे नाही. पत्र्याच्या डब्यात कोरडी वाळू, वाळूत बॅटरी, आणि महिनाअखेरीला ई-कचऱ्याची गाडी. गिऱ्हाईक रुसलं तर रुसू दे.

मंगळवारी सकाळी मागच्या गल्लीतले दशरथकाका लॅपटॉप घेऊन आले. त्यांच्या लेकीचा, दिशाचा, चौथीच्या ऑनलाइन शाळेसाठी घेतलेला. शाळा उघडायच्या आतच दिशा तापाने गेली, त्याला चार वर्षं झाली. लॅपटॉपचं पोट टम्म फुगलं होतं.

"बंदच असतो ना?"

"बंदच. पण रोज चार्जिंगला लावतो. शेवंती म्हणता, तिका उपाशी कशी ठेवू? रात्री उशाशी घेऊन झोपता. गरम लागता म्हणान."

अक्षताचं डोकंच फिरलं. दहा बाय दहाची खोली, कापसाची उशी आणि तिच्यावर हा निखारा! "काका, एक दिवस काकू झोपेत जळतील. कळतंय का?"

काकांनी लॅपटॉप तिच्यापुढे सरकवला.

तिने बॅटरी काढली. कुणीतरी स्वस्तातली बसवलेली, सरकारी नोंदणीचा छाप नाही की नंबर नाही. मीटर लावला तर शून्य. बॅटरी कधीच मेलेली होती, तरी हाताला गरम लागत होती. निवेल, म्हणून तिने ती वाळूत ठेवली.

दुपारी तिने बॅटरीवर तापमापक रोखला. एकोणचाळीस. दुकानात हवा एकतीस अंश. यंत्र बिघडलं म्हणावं तर भिंतीचा आकडा बरोबर, स्वतःच्या तळहाताचाही बरोबर. बुधवारी साडेएकोणचाळीस. मेलेल्या बॅटरीला गरम व्हायला वीज मिळते कुठून? अक्षताला उत्तर सुचेना, आणि उत्तर न सुचल्याचा तिला भयंकर राग आला.

गुरुवारी शेवंतीकाकू स्वतः आल्या.

"दी माका."

"नाही देणार."

"पोरगी माझी आसा."

"पोरगी तुमची, पण बॅटरी कंडम आहे. भाजाल, काकू."

"भाजू दे."

"मी नाही भाजू देणार. करायचं ते करा."

काकू भांडल्या नाहीत. त्यांनी डब्यावर हात ठेवला. "आंग किती तापला हिचा," म्हणाल्या. मग वाळूपाशी वाकून हलकेच बोलल्या, "ही सोडूची नाय गो. तूच ये घराक."

अक्षताने डबा आपल्याकडे ओढून घेतला.

शुक्रवारी सकाळी डबा थंडगार होता. आकडा एकतीस. बॅटरी सपाट, कधी फुगलीच नव्हती अशी.

जिंकले, असं अक्षताला वाटलं. तिने लॅपटॉपमध्ये नवी, छापाची बॅटरी बसवली आणि स्वतःच काकूंच्या खोलीवर घेऊन गेली.

काकूंनी दार अर्धं उघडलं. केस विंचरलेले, चेहरा हसरा.

"तो ऱ्हवांदे तुझ्याकडेच. आता नको माका."

डाव्या गालावर त्यांना फोड आले होते. ताजे, पाण्याने भरलेले. चार एकमेकांना लागून, एक जरा बाजूला.

अक्षताने नकळत आपला पंजा त्या फोडांसमोर धरला.

तिची बोटं फार मोठी पडली.