वळ्ळियम्माचं पान

ए तंबी, थांब. जेवून उठलास ते ठीक, पण पान कसं दुमडलंयस? आधी नीट कर. वरची बाजू आपल्याकडे ओढायची. म्हणजे जेवण आवडलं, पुन्हा येणार. आपल्यापासून लांब दुमडतात ते मयताच्या घरी. असल्या जेवणाला पुन्हा यायला लागू नये म्हणून. हसताय काय रे दात काढून? बसा खाली सगळे. सांगतोच आज.

ही माझ्या जुन्या मालकाची, तंगवेलूची गोष्ट. ब्रिकफील्ड्सच्या तमिळ वस्तीत, मागच्या गल्लीत त्याची खानावळ होती आणि मी तिथं वाढपी. आडी महिन्यातली अमावास्या, शुक्रवारची रात्र. संध्याकाळी मालकानं मला केळीची पानं आणायला पाठवलं. "त्यातलं एक कोवळं बघून आण रे," म्हणाला. आणलं, पण गर्दीत त्याचं टोक फाटलं. त्यावरून शिव्या खाल्ल्या त्या वेगळ्या.

ते पान वळ्ळियम्माचं. मालकाची पहिली बायको, वारलेली. पितरांच्या त्या अमावास्येला दरवर्षी खानावळ बंद झाली की तो कोपऱ्यातल्या टेबलावर तिचं पान वाढायचा. तिच्या आवडीचे कारल्याचे कुरकुरीत काप हवेतच. मग पानापुढच्या रिकाम्या खुर्चीकडं बघत बसायचा.

दुसरी बायको कनगम. काय हात होता तिचा! पण गिऱ्हाईक हटकून म्हणायचं, "वा! अगदी वळ्ळियम्माच्या हातचे काप." तिच्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. आणि नवरा? 'छान झालंय' एवढं दोन शब्दांचं कौतुकसुद्धा त्याच्या तोंडून कधी निघालं नाही.

त्या रात्री मालक पान वाढून मागे हातपाय धुवायला गेला. कनगम कमरेवर हात ठेवून त्या पानाकडे बघत होती.

"माणिकम, वर्षभर चुलीपुढं मी भाजून निघते. आणि हा बघत बसतो कुणाकडं? रिकाम्या खुर्चीकडं!"

"जाऊ द्या ना अक्का. गेलेल्या बाईशी काय भांडायचं?"

"जिवंत असती तर झिंज्या उपटल्या असत्या तिच्या. मेली म्हणून तर सुटली!"

आणि सरळ त्या खुर्चीत जाऊन बसली. मी नको नको म्हणेपर्यंत पहिला घास तोंडात. भात, रसम, काप, सगळं चाटूनपुसून खाल्लं. मग पान दुमडलं. आपल्यापासून लांब.

"झालं तुझं जेवण," खुर्चीलाच म्हणाली. "आता पुन्हा यायचं नाही. तो माझा आहे."

पान मागच्या कचऱ्याच्या डब्यात कोंबलं. वर झाकण दाबलं. टेबल पुसलं.

मालक आला. कोपऱ्याकडे बघितलं.

"उशीर झाला, मीच आवरलं," कनगम म्हणाली.  तोंड एवढंसं झालं त्याचं.

दिवे घालवले. तिघंही बाहेर आलो. मी शटर अर्धं ओढलं, आणि...

आत पाणी वाहत होतं.

हात धुवायचा नळ. थोडा वेळ वाहिला... मग कुणीतरी बंद केला.

"कोण आहे?" मी ओरडलो.



मालक वाकून आत शिरला, मागोमाग आम्ही दोघं. दिवा लावला. आत कुणी नाही. नळाखालची फरशी ओली. ओल कोपऱ्यापर्यंत गेलेली.

टेबलावर पान होतं.

तेच. टोक फाटलेलं. दुमडलेलं... आतल्या बाजूला. खुर्चीकडं.

कनगमनं माझा दंड धरला. नखं रुतली.

मालक पुढं गेला. पानावर हळूच हात ठेवला. आणि हसला, पोरांनो. मी इतकी वर्षं त्याच्याकडं राबलो, पण तसं हसताना त्याला कधी पाहिलं नव्हतं. कनगमनंही नाही.

"आवडलं तिला," तो म्हणाला. मग वळून बायकोकडं बघितलं. "छान झालं होतं हं, कनगम. येईल ती पुन्हा."

ज्या शब्दासाठी ती बाई झुरत होती, तो असा मिळाला. 

पान उचलायला मीच गेलो. दुसरं कोण उचलणार...

खालून गरम होतं. नुकताच भात वाढल्यासारखं.