बशी झाकलेला कप

"ज्यानं ही सीट बनवली ना, त्याला एकदा हिच्यावर बसवून खर्ड्यापर्यंत न्यायला पाहिजे. वाटेत उतरू द्यायचं नाही. पाणी मागितलं तर तेवढं द्यायचं."

माझ्या डाव्या कानाशी कोणीतरी पुटपुटत होतं. दोनशे सायकली, हँडलला हँडल घासणाऱ्या, त्यामुळे कोणाचं काही खाजगी राहतच नव्हतं.

मी वळून न बघता म्हणाले, "पाणी तरी कुठून द्यायचं? यंदा?"

जरा वेळ नुसती चेन वाजत राहिली. मग आवाज आला, "ऐकलंत होय... मग सीटनंही ऐकलं असणार. आता ती सूड उगवणार."

मी वळून बघितलं. उन्हानं रापलेला चेहरा, कपाळावर धूळ, आणि ओठांच्या कोपऱ्यात दाबून धरलेलं हसू. त्र्याहत्तरचा जानेवारी होता. नगरहून खर्ड्याला दुष्काळ निधीची सायकल फेरी निघाली होती. प्रत्येकाच्या कॅरियरला ज्वारीची पिशवी, खर्ड्याच्या भोजनकेंद्रासाठी. पुढं आप्पासाहेब भोंगा घेऊन ओरडत होते, "जोड्या मोडू नका, जोडीनं चाला." माझ्या शाळेतली कडूबाई माझ्या जोडीला होती, पण गावाबाहेर पडतानाच तिची चेन तुटली आणि ती आनंदानं टेम्पोत जाऊन बसली. तिच्या रिकाम्या जागी हा आला होता.

"मी रंगनाथ. राजूरचा, तिकडे अकोल्याच्या डोंगरातला. इथं जनावरांच्या छावणीवर आहे, औषधपाण्याला."

"मी मनकर्णा. नगरला शाळेत शिकवते."

"ते कळलं, बाई. मघापासून तुमच्या शेजारी मी पाठ ताठ करून बसलोय."

मी हसले. हसले, आणि लगेच गप्प झाले. कारण माझ्या सायकलची घंटी वाजली होती. मी अंगठा लावला नव्हता.

खडीचा रस्ता आहे, हादऱ्यानं वाजते, असं मी स्वतःला सांगितलं. दोन वर्षं सांगतच होते.

ती सायकल माझी नव्हती. गहिनीनाथची होती. त्याची-माझी सुपारी फुटली होती. तो नगरला कॉलेजात होता आणि दर शनिवारी याच रस्त्यानं खर्ड्याला घरी जायचा. वाटेतल्या प्रत्येक चहावाल्याला त्याची घंटी ओळखू यायची. दोन वर्षांपूर्वी, श्रावणात, खर्ड्याच्या अलीकडच्या नदीला पूर होता. वाहत चाललेलं एक पोर त्यानं काठाला ढकललं... आणि तो स्वतः पुन्हा कोणाला दिसला नाही. माणसांनी आठ-पंधरा दिवस काठ धुंडाळला. काही सापडलं नाही. सायकल तेवढी काठावर उभी होती; ती माझ्याकडे आली.

आमच्याकडे अंग सापडल्याशिवाय तो एक शब्द कोणी उच्चारत नाही. उच्चारायचाच तर आईनं. दुसऱ्या कोणी म्हटलं, तर त्यानंच त्याला मारल्यासारखं होतं. आणि त्याची आई, छबूबाई, काही म्हणत नव्हती. त्यामुळे मी लग्नाचीही नव्हते आणि सुटलेलीही नव्हते. कोणी स्थळ सुचवलं की वडील नुसते सुपारी कातरत बसायचे. सायकल त्याच्या दारात नेऊन लावायची आणि एकदाचं विचारायचं, असं ठरवून मी फेरीत नाव दिलं होतं. काय विचारायचं ते मात्र ठरत नव्हतं.

पुंजारामच्या हॉटेलाशी फेरी थांबली. हॉटेल म्हणजे चार बल्ल्या आणि पत्रा. पुंजारामनं मान वर केली नाही. घंटी ऐकली, दोन कप भरले आणि माझ्यापुढं ठेवले. एक उघडा, दुसऱ्यावर बशी झाकलेली.

हरवलेल्या माणसाचा वाटा मोडायचा नसतो. तो बशीखाली ठेवायचा, आणि गार झाला की झाडाला ओतायचा. पिणारा कोणी नसतो.

रंगनाथनं बशी उचलली आणि कप तोंडाला लावला.

एवढ्या गर्दीत आवाज कसा बंद पडतो ते मी त्या दिवशी बघितलं. आधी जवळचे गप्प झाले, मग त्यांच्या मागचे. पुंजारामची किटली तिरकीच राहिली आणि कोरा चहा फळीवरून खाली सांडत राहिला.

"झाकून ठेवला होता," रंगनाथ सगळ्यांकडे बघत म्हणाला. "म्हटलं, माझ्यासाठीच... गार होऊ नये म्हणून."

पुंजारामनं त्याला खालून वर बघितलं. "गोड हाय का?"

"गूळ जरा जास्त झालाय."

"त्याला तसाच लागतो," पुंजाराम म्हणाला, आणि आत निघून गेला.

पुढच्या चढावर मी रंगनाथला सगळं सांगितलं. तो सायकलवरून उतरून चालायला लागला. मीही उतरले.

"म्हणजे मी एका मे—"

"म्हणू नका."

"बरं." त्यानं सायकल थोडी पुढं ढकलली. मग हळूच म्हणाला, "पण बाई, गूळ खरंच जास्त होता."

काय करावं अशा माणसाला. मला हसू आलं, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा हसण्याची भीती वाटली नाही.

तो पावसाबद्दल बोलायचा. त्या फुफाट्यात, वाळलेल्या बाभळींमधून जाताना, तो राजूरचा पाऊस सांगायचा. कसा घरात चुलीपाशी कपडे वाळत घालावे लागतात, कसं भिंतींना शेवाळ येतं, कशी त्याची आजी पावसाला शिव्या घालते.

"पावसाला शिव्या?"

"चार महिने थांबतच नाही तो. तुम्ही एकदा या. तुम्हीही घालाल."

"मी तर माणसं जमवून पाया पडेन त्याच्या."

"या तर खरं," तो म्हणाला, आणि लगेच पुढं बघायला लागला. कान मात्र लाल झाले होते.

पण दुपारनंतर रस्ता बदलला. म्हणजे रस्ता तोच, गावं बदलली. कुलपं लावलेली घरं, रिकामी गोठाणं. हातीपायी धड होते ते ऊसतोडीला नाहीतर खडी फोडायला गेलेले, मागं उरलेली म्हातारी माणसं. आणि ती वेशीपाशी उभी होती... आमची वाट बघत. दोनशे सायकलींकडं त्यांचं लक्ष नव्हतं. सगळे एकट्या रंगनाथकडं बघत होते.

फेरीतलं कोणी पुढं गेलं नव्हतं. मी आप्पासाहेबांना विचारलंसुद्धा. मग बशीखालचा कप कोणीतरी प्याला, ही बातमी कशावर बसून गेली?

एका म्हातारीनं पुढं येऊन त्याच्या गालावरून बोटं फिरवली. "लई वाळलास रं, गहिनी," म्हणाली. पुढच्या गावी एका म्हाताऱ्यानं पिशवीतून करड्या रंगाचा मफलर काढला. "तुझा ऱ्हायला हुता आमच्याकडं." रंगनाथनं माझ्याकडं बघितलं. त्यानं तो गळ्यात घातला. नाही म्हणणं त्याच्या जिवावर आलं असणार. प्रत्येक थांब्यावर बशी झाकलेला कप येई, आता थेट त्याच्यापुढं. आणि समोरची माणसं तो पिईपर्यंत श्वास धरून उभी राहत.

संध्याकाळी एका निंबापाशी त्यानं अचानक ब्रेक लावला.

"इथं का थांबलात?"

"माहीत नाही. थांबावंसं वाटलं."

गहिनीनाथ दर शनिवारी तिथंच थांबायचा. हे मी त्याला सांगितलं नव्हतं.

मुक्काम आष्टीच्या शाळेत झाला. कडूबाई शेजारी घोरत होती आणि मी छताकडं बघत होते. सुपारीनंतर इतकं हलकं मला कधी वाटलं नव्हतं... पण हे वाटणं कोणामुळे? शेजारी कोण चालवतोय सायकल?

दुसऱ्या दिवशी नदी आली.

नदी म्हणजे नुसती वाळू. एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत पांढरी, कोरडी. तिच्यात बायका खड्डे करून बसल्या होत्या, वाटीनं पाणी उपसत. आम्ही आलो तशा त्या थांबल्या. कोणी सांगितलं नव्हतं तरी सगळी फेरी सायकलींवरून उतरली. दोनशे माणसं वाळूतून सायकली ढकलत चालली होती आणि एका चाकाचासुद्धा आवाज येत नव्हता. जिनं माणूस गिळला तिच्यापाशी आता लपवायला पाणीसुद्धा नव्हतं. तरी तिनं काही दाखवलं नव्हतं.

मधोमध माझी घंटी वाजली. तिथं खडी नव्हती. वाळू होती.

रंगनाथ थांबला. बाकीचे पुढं जात राहिले.

"बाई, एक विचारतो. कालपासून तुम्ही माझ्याशी बोलताय, का त्याच्याशी?"

मी घंटीवर हात ठेवला.

"तुम्ही मला एकदाही नावानं हाक मारलेली नाही. बाकीचे मारतायत त्या नावानं तर नाहीच, आणि माझ्याही नाही." त्यानं मफलर सोडून हातात घेतला. "लोकांचं चहापाणी मी पितो. त्यात माझं काय जातं. पण तुमच्या बाजूनं मला खर्ड्याच्या पुढंही यायचंय... दुसऱ्याच्या कपातून नाही."

मला म्हणायचं होतं की गहिनीनाथनं जन्मात कधी सीटला नावं ठेवली नाहीत, कशालाच ठेवली नाहीत. तो फार चांगला होता. आणि मला तुमची कुरकुर आवडते. पण पायाखाली ती वाळू होती. तिच्यावर उभं राहून मी दुसऱ्याचं नाव घेतलं असतं, तर तो शब्द मीच बोलल्यासारखा झाला असता.

"चला," एवढंच म्हणाले.

त्याचं तोंड उतरलं. मफलर त्यानं माझ्या हँडलला अडकवला आणि उरलेला रस्ता तो सीटबद्दल एक शब्द बोलला नाही.

खर्ड्याच्या किल्ल्याची भिंत दिसायला लागली. ज्वारी भोजनकेंद्रावर उतरवायची होती, पण आधी सगळी फेरी छबूबाईच्या दारात जाऊन उभी राहिली. तिच्यापर्यंतही बातमी आली होती. अंगण सारवलेलं होतं. एवढ्या टंचाईत तिनं ते पाणी कुठून आणलं असेल.

ती उंबऱ्यात उभी होती. हातात दोन कप. एकावर बशी.

मी सायकल भिंतीला लावली. मफलर तिथंच लोंबत होता. छबूबाईनं तो बघितला, मग रंगनाथकडं बघितलं. पाय, हात, चेहरा... सावकाश, धान्य निवडावं तसं. मग तिनं झाकलेला कप पुढं केला.

रंगनाथनं हात मागं घेतला. "आई, हा माझा नाही. रस्ताभर प्यालो, चुकलं. पण तुमच्या दारात नको."

"आरं, घी," मागून कोणीतरी म्हातारं कळवळून म्हणालं. "घी गहिनी."

छबूबाईनं माझ्याकडं मान वळवली. "मनकर्णे, नाव काय ह्याचं?"

सगळी फेरी माझ्या तोंडाकडं बघत होती.

"रंगनाथ," मी म्हणाले. आणि मग, त्याच्याकडं बघून, पुन्हा एकदा, "रंगनाथ."

त्यानं मान वर केली.

छबूबाईनं बशी काढली. कप तिरका केला आणि सगळा चहा सारवलेल्या अंगणात ओतला. जमिनीनं तो बघता बघता पिऊन टाकला, ओल तेवढी राहिली. रिकामा कप तिनं पदरानं पुसला आणि माझ्या हातात दिला.

"चुलीवर चहा हाय, पोरी. ह्याला ह्याच्या नावाचा दे," ती म्हणाली. "माझा गहिनी मेला."