टोपलीतला लिबलिबीत दगड

साळूआत्याची किंकाळी ऐकून भागू आणि गेनू मासळीबाजारात घुसले. १९३६ सालच्या दिवाळीच्या सुट्टीत ही भावंडं उत्रोलीहून भोरला आत्याकडे आली होती. आत्या चिमाजीच्या दुकानात कोकणातून आलेली मासळी निवडायची. आता ती हात धरून जमिनीवर लोळत होती. बोट सुजून वांग्यासारखं झालं होतं.

"टोपलीत साप असणार," चिमाजी म्हणाला. "घाटात शिरला आन् हितं पळाला."

रखमाजी मांत्रिकानं तिच्या मनगटाला सुतळी आवळून वस्तरा काढला. "बोट काढावं लागंल."

भागूनं वाकून पाहिलं. बोटावर एका रांगेत तीन टोचे होते.

"मामा, सापाला तीन दात असत्यात व्हय?"

"पोरींनी मधी बोलू न्हाई."

भागू चिमाजीकडे वळली. "टोपलीतली घाण कुठं टाकली?"

"मागं गटारात. नासकी मासळी आन् एक दगड."

"गेनू, वस्तरा लावू देऊ नगंस," म्हणत ती पळाली.

गटारात काळं पाणी साचलं होतं. फुटक्या आतड्यांवर हिरव्या माश्या घोंघावत होत्या, खाली अळ्या वळवळत होत्या.  बाही नाकावर दाबून भागूनं काठीनं घाण उकरली. दगड सापडला. काठी टेकवताच तो लिबलिबला!

अंगभर चामखिळी, त्यांतून झिरपणारा चिकट द्रव, आभाळाकडे वासलेलं वाकडं तोंड. पाठ दाबताच कातड्यातून एकेक काटा वर आला. शिसारी गिळत तिनं ते ध्यान तिथल्याच पत्र्याच्या तुकड्यावर ढकललं आणि धावत आणलं.

गेनू आत्याच्या हातावर पालथा पडला होता आणि रखमाजी त्याची शेंडी ओढत होता.

शेजारची सुकटवाली बाळाबाई कोकणातल्या हर्णैची. पत्र्याकडे बघताच ती म्हणाली, "हा मासा आहे गो. समुद्राच्या तळाला दगडासारखा पडून राहतो. काट्यांत विष असतं, मेल्यावरसुद्धा. ती सुतळी सोडा आधी. सोसेल इतकं गरम पाणी आणा."

आत्याचा हात त्या पाण्यात ठेवला. तासाभरात तिचं कण्हणं थांबलं. दवाखान्यातून आलेल्या डॉक्टरांनी माशाचे काटे मोजले, बोट तपासलं. "बोट राहील," ते म्हणाले. "पण या मुलीनं घाण उकरली नसती, तर राहिलं नसतं."

रखमाजी केव्हाच निघून गेला होता. चिमाजीची मान खाली गेली. "म्या नीट बघाया पायजे हुतं, पोरी. हे घे."

त्यानं दोन बांगडे तिच्या तळहातावर ठेवले. गार, बुळबुळीत. भागूनं ते गेनूच्या हातात कोंबले, नदीकडे धूम ठोकली आणि पोट रिकामं होईस्तोवर ओकली.