तिसरा रंग

विद्यापीठाचं नामांतर झालं त्या आठवड्यातली दुपार. शहर बंद. औरंगपुऱ्यातल्या कॉम्प्युटर टायपिंगच्या दुकानात बन्सीनं शटर अर्धं खाली ओढलं आणि आईला, मुक्ताबाईला, खुर्चीवर बसवलं. त्याच्या अंगात नामांतरासाठी शिवलेला नवा शर्ट. काम साधंच होतं, मामाचा फोटो बघायचा.

अप्पारावमामा अठ्ठ्याहत्तरला नामांतराच्या मोर्चाला गेला, तो आलाच नाय. महिन्याभरानं पडेगावच्या विहिरीत एक प्रेत निघालं. चेहरा उरला नव्हता. पोलिसांनी नुसता शर्ट दाखवला. निळा.

"माझ्या भावाचा पांढरा व्हता," मुक्ताबाई तेव्हापासून सांगायची. पण पंधरा वर्षांत तिचा तिलाच भरवसा राहिला नव्हता. निघायच्या दिवशीचा फोटो होता, तोही काळापांढरा.

"माय, ही मशीन रंग सांगती," बन्सीनं थाप मारली.

मशीनला दोनच रंग यायचे. त्यानं छोटा प्रोग्राम लिहिला होता. मशीनलाच विचारायचं, बाई, तुला रंग किती दाखवता येतात? ती म्हणणार, दोन. काळा आन् पांढरा. मग आईला म्हणायचं, बघ, निळा नाहीच. म्हातारी सुखानं झोपली असती.

फोटो स्कॅन केला. बटण दाबलं.

पडद्यावर आकडा आला. तीन.

बन्सीनं डोळे चोळले. दोन असतात, चार असतात, सोळा असतात. तीन कुठल्याच मशीनला नसतात. परत दाबलं. तीन.

"काय म्हणती रं?"

"इचार करती..."

पंखा चालूच होता, पण वारा थांबला. कुठूनतरी शेवाळाचा वास आला. पडद्यावर मामाचा शर्ट हळूहळू उजळला. पांढराफेक.

"म्हणलं नव्हतं?" मुक्ताबाई रडता रडता हसली. "त्यो माझा भाऊ नव्हताच!"

मग मामाच्या शेजारी, जिथं फोटोत कुणीच नव्हतं, तिथं एकेक ठिपका भरायला लागला. मामाच्या खांद्यावर हात. निळी बाही. निळा खिसा. खिशाला पांढरं बटण, काळ्या दोऱ्यानं लावलेलं.

मुक्ताबाईचं हसू विझलं.

"पोलिसांनी दाखवला... त्यो ह्योच."

बन्सीनं मान खाली घालून स्वतःच्या खिशाकडं पाहिलं. नव्या निळ्या शर्टाचं बटण सकाळीच तुटलं होतं. निळं सापडलं नाय म्हणून मायनंच पांढरं लावून दिलं होतं. घाईत, काळ्या दोऱ्यानं.

"बन्सी... काढ त्यो शर्ट."

त्यानं बटणाला हात घातला.

खिसा ओला होता.