बोलणी फिसकटली त्या दिवशी

जिन्यात तो धडकला आणि माझ्या हातातली नमुन्याची कुलपं खणखणत पार खालपर्यंत गेली.

"बघून चालता येत नाही?"

"बघतच होतो… म्हणून तर धडकलो."

काय हा आगाऊपणा! मी तोंड उघडणार, तेवढ्यात वरून बाबा ओरडले, "अगं, आटप लवकर!" आमचा कुलपांचा कारखाना. निम्म्याहून जास्त माल शेजारच्या देशात जातो. सीमेवरच्या भांडणापायी हा व्यापार थांबवायचा का, यावर दोन्हीकडच्या व्यापाऱ्यांची तीन दिवसांची बैठक होती. आत जाऊन बघते तर काय — तोच आगाऊ माणूस तिकडच्या व्यापाऱ्यांच्या अध्यक्षांच्या शेजारी! त्यांचा दुभाषी!

दुभाष्यांची एक रीत असते. बोलणारा 'मी' म्हणाला, की यांनीही 'मी'च म्हणायचं. पदरचं काही घालायचं नाही. "व्यापार म्हणजे काय नळ आहे, रुसलात की बंद अन् हसलात की चालू?" मी तावातावाने म्हटलं. त्यानेही ते त्यांच्या भाषेत तितक्याच तावातावाने म्हटलं. मला हसू आवरेना.

चहाच्या वेळी मी विचारलं, "सारखं दुसऱ्यांचंच बोलता. स्वतःचं कधी?"

"कुणी विचारलं तर…" आणि बघतच राहिला, मेला!

बैठक संपेपर्यंत मी इतका चहा प्यायले, की बाबांनाही संशय आला.

शेवटच्या दिवशी अध्यक्षांना फोन आला. ते उठून काहीतरी बोलले आणि दुभाष्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"आजपासून… आजपासून मी तुमचा माल घेणार नाही. सरकारचा हुकूम आहे. आम्ही संध्याकाळी परत निघतोय."

बाबांनी डोक्याला हात लावला. कारखान्याचं दुःख होतंच, पण खरं सांगू? हा जाणार, याचं जास्त होतं. मी उभी राहिले, थेट त्याच्याकडे बघितलं.

"मला तुम्ही आवडता. जाऊ नका."

बाबांचा चष्मा खाली पडला. आणि तो… गोंधळला बिचारा! सवयीने अध्यक्षांकडे वळला आणि माझं वाक्य जसंच्या तसं त्यांना ऐकवलं. ते म्हातारे गृहस्थ दचकून खुर्चीत मागे सरले. त्यांनी घाईघाईने काहीतरी विचारलं. याने उत्तर दिलं, पण आम्हाला काही सांगेना.

"काय विचारलं त्यांनी?"

"हे कोण कुणाला म्हणतंय, असं विचारलं."

"मग?"

"आम्ही दोघं, एकमेकांना, असं सांगितलं… आणि संध्याकाळच्या गाडीत माझी जागा धरू नका, म्हटलं."

मी चहा मागवला, दोघांसाठी.